मंद आच

गिरणाऱ्याच्या वायनरीत मी साखर मोजते.
रसाचा एक थेंब काचेवर, डोळा उजेडाकडे:
बावीस, तेवीस, साडेतेवीस.
हातांना वास राहतो, साबणाला दाद देत नाही.
रविवारी शरणपूरच्या देवळात
शेजारच्या लुईजाबाई
तो वास येताच नुसत्या खोकतात.

यंदा पंचांच्या सभेत मीच विषय काढला.
म्हटलं, आपण नाशिकची माणसं,
चहूकडे द्राक्षं,
आणि प्रभुभोजनाला बाटलीतलं जांभळं सरबत?
काना गावच्या लग्नात
प्रभूनं सरबत नव्हतं केलं.
पाळकसाहेब हसले. दोघातिघांनी माना डोलावल्या.
मला जोर चढला:
देवानं माणसाला बागेत सोडलं
तेव्हा त्या झाडालासुद्धा कुंपण नव्हतं.
मग आपण कोण तारा ओढणारे?

मागच्या बाकावरून एलियाजर उठला.
एलियाजर त्रिभुवन, रिक्षा चालवतो, द्वारका ते सातपूर.
वाद नाही घातला. एवढंच म्हणाला,
“अकरा महिने झाले, ताई.
तुम्ही वाईन ठेवा.
मी तेवढा वेळ बाहेर थांबेन, घंटेखाली.”
आणि बसला.
पंख्याची करकर तेवढी राहिली.

मला राग आला. खरं सांगते, त्याचाच आला.
एका माणसाच्या घशापायी
दोनशे जणांचा प्याला का बदलायचा?
त्र्यंबक रोडनं स्कूटरवर
मी देवाशी भांडत आले:
मोकळं तूच केलंस ना?
मग हा दोर कुणाचा, माझ्या पायात?
मायको सर्कलला सिग्नल लागला.
नव्वद सेकंद. देव काही बोलला नाही.
शेजारी एक रिकामी रिक्षा येऊन थांबली,
दुसऱ्याच कुणाची.

पण “बाहेर” हा शब्द रात्री गादीत टोचत राहिला.
माझे पणजोबा वेशीबाहेरचे.
पाणीसुद्धा वरून ओतलेलं प्यायचे.
ज्यानं त्यांना आपल्या ताटाशी बसवलं
तो स्वतः वेशीबाहेर मेला,
हे मी सात वर्षांची असताना पाठ केलंय,
बक्षीस म्हणून एक पेन्सिल मिळाली होती.

शनिवारी मखमलाबादहून चार किलो काळी द्राक्षं आणली.
मलमलीतून पिळली.
रसाला वाईन व्हायला शिकवावं लागत नाही.
सालीवरच असतं त्याचं सगळं,
नुसता सोडून द्या, तिसऱ्या दिवशी बुडबुडे.
रस म्हणून राहायचं
तर कुणीतरी शेगडीपाशी उभं राहावं लागतं.
उभी राहिले. पाय दुखले.
मनात आलं, आभाळभर मोकळा असताना
सुताराच्या एका खोलीत
तीस वर्षं कसा मावला असशील?
पुढे विचार केला नाही, रस वर यायला लागला होता.

रविवारी एलियाजर रांगेत आला.
प्याला ओठांशी नेण्याआधी त्यानं वास घेतला,
एखादं पोर अनोळखी कुत्र्याला हात लावताना थांबतं,
तेवढा वेळ.
मग प्यायला. माझ्याकडे बघितलं नाही.
लुईजाबाई सवयीनं खोकल्या.

त्या संध्याकाळी मी घरी अर्धा ग्लास ओतून घेतला,
आमच्याच पिंपातली, तीन वर्षांची लाल.
खिडकी लावून घेतली नाही.
चव होती तशीच होती. लाजही वाटली नाही.
फक्त ग्लास धुताना
नेहमीपेक्षा जास्त वेळ धूत राहिले.

बुधवारी फोन आला. मागे रिक्षाचं इंजिन.
“ताई, पुढच्या महिन्याची द्राक्षं मी आणतो.
शिकवता का? किती वेळ उकळायचं?”
“उकळू द्यायचं नाही,” म्हटलं.
“मंद आच. कडेला बुडबुडे दिसले की उतरवायचं.
आणि तोवर जागचं हलायचं नाही.”
“बरं,” तो म्हणाला,
“मग त्या दिवशी भाडी घेत नाही.”